चांग छिएनची वकिलात आणि वऱ्हाडच्या वाटा

(संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

फाहियान, ह्युएन त्संग, इत्सिंग ही नावे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असतात. भारतात येऊन गेलेले चिनी भिक्खू म्हणून त्यांच्याबद्दल आपल्या मनात आदर आहे. परंतु ज्या वाटेने फाहियान आणि ह्युएन त्संग भारताकडे निघाले, त्या वाटेची पहिली खात्रीची माहिती चीनच्या दरबारात कोणी नेली, हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही. ती माहिती नेणारा माणूस भिक्खू नव्हता, विद्वान म्हणूनही त्याची ख्याती नव्हती. तो हान सम्राटाच्या पदरचा एक लहानसा अधिकारी होता. त्याचे नाव चांग छिएन. आज मी या माणसाविषयी बोलणार आहे, आणि त्याच्यामागून आपल्या वऱ्हाडापर्यंत येणार आहे.

प्रथम काळ लक्षात घ्या. इ. स. पूर्व १४१ ते ८७ या काळात चीनमध्ये सम्राट वू राज्य करीत होता. आपल्याकडे मौर्यांची सत्ता मोडून पन्नासएक वर्षे होत आली होती. वायव्येस ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा आपला मिलिंद राजा, याचा काळही हाच. त्याच मिलिंदाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला दिले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. इकडे विदर्भाचे राज्य शुंगांनी दोन भावांत वाटून दिले आणि मधली सीमा म्हणून वर्धा नदी ठरवली, ती कथा कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात येते. तीही साधारण याच शतकातली.

वकिलात कशासाठी निघाली?

चीनच्या उत्तरेला गवताळ प्रदेशात श्योंगनू नावाचे घोडेस्वार लोक राहत. त्यांच्या धाडींनी हान राज्य त्रस्त झाले होते. दरवर्षी रेशीम आणि धान्य देऊन त्यांना शांत ठेवावे लागे. अशात सम्राटाला काही युद्धकैद्यांकडून एक बातमी कळली. श्योंगनूंनी युएची नावाच्या लोकांचा पराभव केला, त्यांच्या राजाला ठार मारले आणि त्याच्या कवटीचा पेला करून त्यातून दारू प्यायली. युएची पश्चिमेकडे पळून गेले, त्यांच्या मनात सूड धुमसत आहे, परंतु त्यांना साथ देणारा कोणी नाही, अशी ती बातमी होती. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, या हिशेबाने सम्राटाने युएचींकडे वकील पाठवायचे ठरवले. पण युएची नेमके कोठे आहेत हे कोणालाच माहीत नव्हते, आणि वाट श्योंगनूंच्या मुलखातूनच जात होती. अशा कामाला कोण तयार होणार? चांग छिएन पुढे आला.

इ. स. पूर्व १३८ च्या सुमारास तो शंभरावर माणसे घेऊन राजधानी छांगआनहून निघाला. बरोबर कान-फू नावाचा श्योंगनू जातीचा एक गुलाम होता. थोड्याच दिवसांत सगळे पकडले गेले. श्योंगनूंच्या राजाने त्याला मारले नाही, पण सोडलेही नाही. आमच्या डोक्यावरून आमच्याच वैऱ्याकडे तुमचा वकील जातो, हे आम्ही कसे चालू द्यावे, असा त्याचा सवाल होता. आणि खरे पाहता तो रास्त होता. चांग छिएन तेथे दहा वर्षांहून अधिक काळ अडकून पडला. त्याला तिथलीच बायको करून दिली, मूलबाळ झाले. मात्र वकिलाची खूण म्हणून सम्राटाने दिलेली, याकच्या शेपटीचे गोंडे लावलेली काठी त्याने सोडली नाही, असे चिनी इतिहासकार नोंदवतो.

पहारा सैल झाल्यावर एके दिवशी तो आपल्या माणसांसह निसटला. आणि लक्षात घ्या, तो घरी गेला नाही. दहा वर्षांपूर्वी सांगितलेल्या कामावर, पश्चिमेकडे गेला. आजच्या उझबेकिस्तानातील फरगाणा खोऱ्यात पोहोचला. तेथील राजाने हानांच्या संपत्तीची कीर्ती ऐकली होती, त्याने वाटाडे दिले. शेवटी ऑक्सस, म्हणजे आमू दर्या नदीच्या उत्तरेला त्याला युएची सापडले.

आणि तेथे त्याच्या वकिलातीचा पराभव झाला. युएचींना आता सुपीक जमीन मिळाली होती, धाडी घालणारे शेजारी फारसे नव्हते, ऑक्ससच्या दक्षिणेकडचा बाल्हिक देश त्यांच्या ताब्यात आला होता. मारल्या गेलेल्या राजाचा सूड घेण्यासाठी हजारो कोस माघारी जाऊन लढावे, अशी इच्छा त्यांना उरली नव्हती. चांग छिएनने वर्षभराहून अधिक काळ थांबून प्रयत्न केला, पण होकार मिळाला नाही. परतताना डोंगराच्या कडेकडेने जाऊन श्योंगनूंना चुकवावे असा त्याचा बेत होता, पण तो पुन्हा पकडला गेला. आणखी वर्षभर कैद झाली. इ. स. पूर्व १२६ मध्ये श्योंगनूंचा राजा मेला, गादीसाठी भांडण पेटले, त्या धामधुमीत तो बायकोला आणि कान-फूला घेऊन निसटला. वाटेत अन्न संपे तेव्हा कान-फू बाणाने पशुपक्षी मारून आणी, त्यावर ते जगले. तेरा वर्षांनी ते छांगआनला पोहोचले. शंभरावर माणसे गेली होती, त्यांतली दोनच परतली.

मित्रहो, हिशेब मांडला तर काय दिसते? तह झाला नाही. सैन्य मिळाले नाही. माणसे गेली. सरकारी कागदावर ‘काम असफल’ असाच शेरा बसायला हवा होता. तरीही सम्राटाने त्याला वरचे पद दिले, कान-फूलाही मान दिला. ते का?

पाहिलेले आणि ऐकलेले

कारण चांग छिएनने परत आणला तो वृत्तांत. स-मा छिएन हा चीनचा थोर इतिहासकार त्याचा समकालीन. त्याच्या इतिहासग्रंथातील एकशे तेविसावे प्रकरण याच वृत्तांतावर उभे आहे. त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. फरगाणा, युएची, बाल्हिक आणि कांगज्यू हे देश चांग छिएनने प्रत्यक्ष पाहिले, आणि त्यांच्या आसपासच्या आणखी पाच-सहा मोठ्या देशांविषयी त्याने ऐकले, असा स्पष्ट भेद तेथे केला आहे. जे डोळ्यांनी पाहिले ते वेगळे, जे कानांनी ऐकले ते वेगळे.

वृत्तांतात काय आहे? फरगाण्याचे लोक शेती करतात, भात आणि गहू पिकवतात, द्राक्षांची दारू करतात, त्यांच्याकडे फार उत्तम घोडे आहेत. पार्थियात चांदीची नाणी चालतात, त्यांच्यावर राजाचा चेहरा असतो आणि राजा बदलला की नाणेही बदलते. ते लोक कातड्यावर आडव्या ओळींत लिहितात. बाल्हिकात एक मोठा राजा नाही, गावोगावचे प्रमुख आहेत, लोक लढाईत कच्चे पण व्यापारात पक्के आहेत. लोक किती, सैन्य किती, शेती की गुरेपालन, शहरे आहेत की तंबू, ही माहिती प्रत्येक देशाबद्दल ठरावीक क्रमाने दिली आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी गावाची पाहणी कशी करावी याचा धडा यातून घेता येईल.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. बाल्हिकाच्या बाजारात हिंडताना त्याला दोन वस्तू दिसल्या आणि तो थबकला. एक म्हणजे बांबूच्या विशिष्ट जातीच्या काठ्या आणि दुसरी म्हणजे शू प्रांताचे कापड. शू म्हणजे चीनच्या नैर्ऋत्येचा आजचा सिचुआन. अकोल्याच्या बाजारात मुरलेला व्यापारी कापूस चिमटीत धरून धाग्याची लांबी सांगतो, तशीच ही नजर आहे. आपल्या देशाचा माल या माणसाने परमुलखात ओळखला. तो माल उत्तरेच्या वाटेने आलेला नव्हता, कारण ती वाट श्योंगनूंनी रोखली होती. मग आला कोठून? त्याने दुकानदारांना विचारले. त्यांनी सांगितले, आमचे व्यापारी हा माल शेन-तू देशातून विकत आणतात.

शेन-तू म्हणजे सिंधू. म्हणजे आपला देश. बाल्हिकाच्या आग्नेयेस काही हजार ली अंतरावर हा देश आहे, जमीन सखल, दमट आणि उष्ण आहे, लोक हत्तीवर बसून लढतात आणि तेथे मोठी नदी आहे, एवढे त्याने ऐकून नोंदवले. चीनच्या इतिहासात भारताचा स्पष्ट उल्लेख आला तो असा, कापडाच्या दुकानात विचारलेल्या एका प्रश्नातून. चांग छिएनने तर्क केला की, शू प्रांताचा माल भारतात पोहोचत असेल तर भारत शू प्रांतापासून फार दूर नसावा आणि तिकडून एखादी सरळ वाट असली पाहिजे. सम्राटाने चार दिशांनी माणसे पाठवली. डोंगरातल्या टोळ्यांनी त्यांना अडवले, काहींना मारले, आणि सरकारी वाट काही उघडली नाही. पण व्यापाऱ्यांची वाट होती हे उघड आहे, नाहीतर काठ्या आणि कापड तेथे गेले कसे? पुष्कळदा वाट आधी व्यापाऱ्याला कळते, मग राजाला, आणि इतिहासकाराला सर्वांच्या शेवटी.

पुढे चांग छिएनच्या नशिबी चढउतार आले. वाळवंटात पाणी आणि चारा कोठे मिळतो हे त्याला ठाऊक असल्याने तो सैन्याला उपयोगी पडला, इ. स. पूर्व १२३ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. दोनच वर्षांनी एका लढाईत वेळेवर न पोहोचल्याबद्दल मृत्युदंड झाला. दंड भरून जीव वाचला, पण सरदारकी गेली. तरीही इ. स. पूर्व ११९ च्या सुमारास सम्राटाने त्याला दुसऱ्यांदा, वू-सुन लोकांकडे पाठवले. या वेळी तीनशे माणसे, प्रत्येकाला दोन घोडे, हजारो गुरे-मेंढ्या, सोने आणि रेशीम बरोबर होते. वू-सुनांनी लगेच मैत्री केली नाही, पण हानांचे राज्य खरोखर केवढे आहे ते पाहायला आपले वकील त्याच्याबरोबर धाडले. तेथूनच चांग छिएनने आपले दुय्यम वकील बाल्हिक, पार्थिया, भारत अशा देशांकडे रवाना केले. तो इ. स. पूर्व ११५ मध्ये परतला आणि थोड्याच काळात मरण पावला. त्याची समाधी त्याच्या जन्मगावी छेंगकू येथे आहे. २०१४ साली युनेस्कोने रेशीम मार्गाच्या पूर्वेकडील भागाला जागतिक वारसा म्हटले, त्यात या समाधीचा समावेश आहे. ‘रेशीम मार्ग’ हे नाव मात्र पुष्कळ अलीकडचे. रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने ते १८७७ साली रूढ केले.

चांग छिएननंतर जे झाले तेही सांगितले पाहिजे. त्याला मान मिळालेला पाहून कितीतरी लोक वकील व्हायला पुढे आले. सम्राटाच्या खजिन्यातील भेटवस्तू लाटणे, परदेशी स्वस्तात विकणे आणि परत येऊन फुगवून सांगणे, असे प्रकार सुरू झाले. ज्या देशांत ते जात, त्या देशांनाही त्यांचा वीट आला. शेवटी फरगाण्याच्या घोड्यांवरून तंटा झाला, हान वकील मारला गेला आणि इ. स. पूर्व १०४ मध्ये युद्ध पेटले. पहिली स्वारी फसली. दुसरीत साठ हजार सैनिक निघाले, ते इ. स. पूर्व १०१ मध्ये परतले तेव्हा दहा हजारांच्या आसपासच उरले होते. मिळाले काय, तर उत्तम प्रतीचे काही डझन घोडे आणि मध्यम प्रतीचे सुमारे तीन हजार. खरे सांगणाऱ्या एका माणसाने वाट उघडली होती. त्याच वाटेवर खोटे सांगणाऱ्यांची गर्दी झाली आणि तिच्यावर रक्त सांडले.

या वाटेवरून धम्म कसा गेला?

येथे एका समजाविषयी स्पष्ट बोलतो. चांग छिएननेच बुद्धाची वार्ता चीनमध्ये नेली, असे काही ठिकाणी सांगितले जाते. चीनच्या तुन-हुआंग येथील ३२३ क्रमांकाच्या लेण्यात तसे चित्रही आहे. सम्राट वू सोन्याच्या मूर्तींची पूजा करतो आणि या मूर्ती कोणाच्या हे विचारायला चांग छिएनला पाठवतो, असे त्यात दाखवले आहे. परंतु ते चित्र थांग काळातले, म्हणजे चांग छिएनच्या मृत्यूनंतर सातशेहून अधिक वर्षांनी काढलेले. जुन्या इतिहासग्रंथांतील त्याच्या वृत्तांतात बुद्धाचा उल्लेख नाही. तेव्हा ही गोष्ट आपल्याला कितीही गोड वाटली तरी ती श्रद्धेने जोडलेली कथा आहे, घडलेला इतिहास नव्हे. एखादी गोष्ट ग्रंथात आहे किंवा परंपरेने आली आहे एवढ्यावर ती खरी मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. तो उपदेश आपल्या आवडीच्या गोष्टींनाही लागू पडतो.

परंतु जे खरे घडले ते या कथेपेक्षा कमी विलक्षण नाही. ज्या युएचींनी चांग छिएनला नकार दिला, त्यांच्याच एका शाखेतून पुढे कुषाणांचे राज्य उभे राहिले. सम्राट कनिष्क त्या वंशातला. इ. स. पूर्व २ मध्ये युएचींच्या एका वकिलाने चिनी विद्वानाला बुद्धाची वचने तोंडी शिकवली, अशी चिनी नोंद आहे. पार्थियाचा आन शिकाओ इ. स. १४८ मध्ये लोयांगला पोहोचून बौद्ध ग्रंथांची भाषांतरे करू लागला, आणि त्याच शतकात युएची वंशाचा भिक्खू लोकक्षेम याने महायान सूत्रे चिनी भाषेत नेली. चांग छिएनने युएचींकडे मागितले होते सैन्य. ते मिळाले नाही. तीन शतकांनी त्यांच्याच वंशाच्या भिक्खूंनी चीनला दिला तो धम्म.

आपल्या वाटा

आता तुम्ही विचाराल की, यात वऱ्हाड कोठे आहे? बाल्हिकापासून इथवर येणारी वाट पाहू. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासपुस्तिकेत लिहिले आहे की, चीनचे रेशीम बाल्हिकातून खुष्कीने भडोचला येते. आणि त्याच भडोचला दख्खनचा माल जातो. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून कापड गाड्यांवर लादून नेतात, असेही त्यात आहे. म्हणजे चीनचे रेशीम आणि दख्खनचे सुती कापड एकाच बंदरात भेटत होते.

पूर्वेकडून भडोचकडे यायचे तर नैसर्गिक वाट कोणती? नकाशा समोर ठेवा. आपली पूर्णा अमरावती-अकोल्याच्या सपाटीतून वाहत जाऊन तापीला मिळते, तापी सुरतेजवळ समुद्राला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये ही मोकळी पट्टी. आज आपण बडनेरा, अकोला, भुसावळ असे रेल्वेने जातो, किंवा नागपूर-अमरावती-अकोला-धुळे-सुरत या महामार्गाने जातो, तो याच पट्टीतून. मार्ग आखणाऱ्यांनी वेगळे काही केले नाही, जमिनीनेच ठरवलेली वाट त्यांनी घेतली.

त्या पट्टीत आणि तिच्या आजूबाजूला जमिनीने पुरावा जपून ठेवला आहे. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या दीड हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावे उजेडात आली. वर्धा नदीच्या काठी आपले कौंडिण्यपूर आहे. पूर्वेला वैनगंगेच्या काठी पवनी आहे, तेथे १९६९-७० च्या उत्खननात मोठे स्तूप सापडले. आणि वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यात होते. तेथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. अजिंठा पाहायला जगभरचे लोक येतात, पण त्याच्या वैभवामागे वत्सगुल्माची राजधानी होती हे आमच्याच मुलांना ठाऊक नसते.

इ. स. च्या सातव्या शतकात याच अजिंठ्याची नोंद एका चिनी माणसाने केली. ह्युएन त्संग सम्राटाचा वकील नव्हता. देश सोडण्यास मनाई असताना तो निघाला होता. तरीही राजांना भेटताना त्याने वकिलाचेच काम केले. त्याच्या भेटीनंतर हर्षवर्धनाने इ. स. ६४१ मध्ये चीनला आपला दूत पाठवला आणि चीनचे दूतही इकडे आले. त्याच सुमारास ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. येथे पुलकेशीचे राज्य होते, हर्षालाही तो जिंकता आला नव्हता. येथील माणसे साधी, उंच, उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी आहेत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी सूचना देतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत, असे त्याने लिहिले. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचेही तो नोंदवतो. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरातील विहाराचे, तो बांधणाऱ्या अचल नावाच्या अर्हताचे आणि दाराबाहेरच्या दगडी हत्तींचे वर्णन त्याने केले आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे आणि सोळाव्या लेण्याच्या दाराशी दोन हत्ती आजही उभे आहेत. मात्र सत्तर फुटी बुद्धमूर्ती आणि तिच्यावर आधाराशिवाय लोंबणारी सात छत्रे, हे त्याने लिहिलेले अजिंठ्यात नाही. ते बहुधा कोणी सांगितलेले असावे. ह्युएन त्संगच्या ग्रंथातही १३८ देशांपैकी ११० पाहिलेले आणि २८ ऐकलेले, असा भेद आहेच. साडेसातशे वर्षांपूर्वी चांग छिएनने पाळलेली रीत येथे पुन्हा दिसते.

या नोंदींचे मोल किती, ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्या देशात श्रावस्ती कोठे, कुशीनगर कोठे, हे लोक विसरून गेले होते. एकोणिसाव्या शतकात ह्युएन त्संगच्या ग्रंथाची भाषांतरे झाली. तो ग्रंथ हातात घेऊन अलेक्झांडर कनिंगहॅम अंतरे आणि दिशा मोजत हिंडला, आणि एकामागून एक स्थळे ओळखली गेली. बुद्धाच्या भूमीने बुद्धाच्या जागा हरवल्या होत्या. त्या सापडल्या परक्या माणसाच्या प्रामाणिक टिपणांमुळे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला, तेव्हा आपल्या लोकांना जायला श्रावस्ती होती, कुशीनगर होते, त्यात त्या टिपणांचाही वाटा आहे.

आणि ज्याची टिपणे कोणी केलीच नाहीत त्याचे काय? बुलडाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले. सातवाहन काळाच्या आसपासची वस्ती, भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी आणि विटांचा स्तूप तेथे मिळाला. ज्या पट्टीतून भडोचकडे माल जात होता असे मी म्हणालो, तिच्यातच हा स्तूप. व्यापारी, शेतकरी आणि भिक्खू येथे एकत्र नांदत होते याचा हा आपल्या घराजवळचा पुरावा. कोणत्याही चिनी प्रवाशाने भोनबद्दल लिहिलेले नाही. आणि हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते.

धरणाला विरोध करण्यासाठी मी हे सांगत नाही. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला पाणी हवे आहे, आणि ते त्याला मिळाले पाहिजे. पण पाणी येण्यापूर्वी जे आहे ते नीट पाहणे, मोजणे, चित्रे काढणे, जे हलवता येईल ते हलवणे, याची मागणी करणे आपल्या हातात आहे. श्रावस्ती हरवली तेव्हा तिची नोंद चीनमध्ये तरी होती. भोन पाण्याखाली गेले तर दुसऱ्या कोणाच्या दप्तरात त्याची नोंद सापडायची नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा वही घेऊन जा. नांगराला लागलेली जुनी वीट, शेताच्या बांधावरचे खापर, नदीकाठची पांढरीची टेकडी, आजीला आठवणारे जुने वाटांचे नाव, हे लिहून काढा. वस्तू उचलून घरी आणू नका. जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते. कोठे, केव्हा, कोणी दाखवले, ते लिहा. मुख्य म्हणजे वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढा. एका बाजूला स्वतः पाहिलेले, दुसऱ्या बाजूला ऐकलेले. दुसऱ्या बाजूचेही लिहायचे, टाकून द्यायचे नाही, पण पहिल्या बाजूत मिसळायचे नाही. भोन असो की मनसर, अजिंठा असो की पातूर, आपल्या वारशाबद्दल बोलताना ही रेघ आपण पाळली, तर आपले म्हणणे कोणी खोडू शकणार नाही. आपणच फुगवून सांगितले, तर आपला खरा पुरावाही संशयात पडेल. चांग छिएननंतरच्या वकिलांचे काय झाले ते मी सांगितलेच आहे.

सभासद बंधू-भगिनींनाही एक विनंती. संस्था वह्या-पुस्तके देते, शिष्यवृत्ती देते, ते मोठे काम आहे. त्याच्या जोडीला वर्षातून एक सहल भोन, पातूर, कौंडिण्यपूर, पवनी अशा जवळच्या स्थळी काढावी, आणि मुलांनी केलेल्या नोंदी स्मरणिकेत छापाव्यात. स्मरणिका म्हणजे आठवण ठेवणारी. तिने जाहिरातींबरोबर चार पाने आपल्या मातीचीही जपावीत.

चांग छिएनला जे आणायला पाठवले होते ते त्याने आणले नाही. जे पाहिले ते मात्र त्याने जसेच्या तसे आणले, आणि दोन हजार वर्षांनंतर आपण इथे बसून त्याच्याविषयी बोलतो आहोत. परीक्षेत, नोकरीत, चळवळीत आपल्यालाही ठरवलेले सगळे मिळेलच असे नाही. पण डोळे उघडे ठेवून केलेला आणि खरेपणाने सांगितलेला प्रवास वाया जात नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!